ओठांवरचं भाषण

इवानी : तसं नाही, जुरेमाबाई. त्या सिनेमात चूक तुमची नव्हती, हेच सांगायला आलेय.

जुरेमा : पन्नास वर्षांनी? अगं, अख्खं साल्वादोर शहर हसलंय मला. मासळीबाजारात पोरं माझी नक्कल करायची. ओठ एकीकडे, शब्द भलतीकडे.

इवानी : आवाज तुमचा नव्हताच ना.

जुरेमा : साओ पावलोच्या एका गोऱ्या बाईचा. काळ्या कोळणीच्या तोंडी असलं नाजूक बोलणं! आईनं सिनेमा पाहून विचारलं, तुला सर्दी झाली होती का?

इवानी : आता त्या सिनेमाची एकच प्रत उरलीय, आमच्या संग्रहालयात. महिनाभर मी ती दुरुस्त करतेय. त्यात ती बाई म्हणते, ‘भावांनो, धीर धरा.’ तुमचे ओठ मात्र दुसरंच काहीतरी बोलतायत. आणि बरंच जास्त.

जुरेमा : पकडलंस म्हणजे.

इवानी : काय बोलत होता?

जुरेमा : दिग्दर्शक म्हणाला, आवाज नंतर भरू, तू नुसतं तोंड हलव, काहीही बोल. म्हटलं, काहीही? मग बोलले मनातलं. समोर गोदीतले खरेखुरे हमाल होते, आमच्याच वस्तीतले. ते टाळ्या वाजवायला लागले. दिग्दर्शक खूश, म्हणे काय अभिनय करतात ही माणसं!

इवानी : तरीच! मला कळेना, धीर धरायला सांगितल्यावर एवढ्या टाळ्या कशाला?

जुरेमा : लष्कराचं राज्य होतं, पोरी. माझा आवाज पडद्यावर गेला असता तर मी तुरुंगात गेले असते.

इवानी : शनिवारी सिनेमा दाखवतोय. ते भाषण तुमच्या आवाजात हवंय. रेकॉर्डिंगचं यंत्र घेऊनच आलेय.

जुरेमा : वेडी की काय? चेहरा चोविशीतला, आवाज पंच्याहत्तरीचा. पुन्हा हसतील.

इवानी : हसतीलही. नाहीतर बाईचाच ठेवते. ‘धीर धरा.’

जुरेमा : थांब. शेगडीवरचा घेवडा उतरवून येते.

(यंत्र सुरू होतं.)

जुरेमा : या बंदरावरची एकेक गोणी आम्ही काळ्या माणसांनी उचललीय. मग बंदराचा कारभार आमच्या हाती का नाही? धीर खूप धरला. पाठ आमची वापरलीत, आता तोंडही आमचंच ऐका. आमच्या वतीनं दुसऱ्या कुणी बोलायचं नाही.

(इवानी डोळे पुसत यंत्र बंद करते.)

जुरेमा : काय गं, रडतेस कशाला? बिघडलं का?

इवानी : नाही. शेवटी आवाज जरासा थरथरला. परत घेऊ या?

जुरेमा : राहू दे. तेव्हाही थरथरलाच होता. ऐकला नव्हता कुणी, एवढंच.