आठ गुंठे शांतता

...आणि वर म्हणे शांत जागा पाहिजे. आता तुम्हीच सांगा, पानशेत फुटून पुण्यात घराघरांत पाणी शिरलं त्याला पुरती दोन वर्षं झाली नव्हती, लोकांच्या भिंतींची ओल वाळली नव्हती, आणि हा माणूस एसटीत बसून, पौडाच्या पुढं सगळी हाडं खिळखिळी करून घेत मुळशीला येतो कशाला, तर पाण्याकाठी जागा घ्यायला. बिवलकर मास्तर. पुण्याच्या शाळेतून निवृत्त झालेले, धोतर पांढरंशुभ्र, बोलणं असं की जणू फळ्यावर लिहून मग वाचतायत. माझी गावठाणाला लागून, तलावाकडं तोंड केलेली आठ गुंठे जागा होती, ती त्यांना कुणीतरी सांगितली आणि आले. स्वतः, बायको, आणि छत्री. वैशाखात छत्री.

मला विकायची गरज होती का? अजिबात नव्हती. खोटं कशाला सांगू, मी खोटं बोलत नाही, म्हणजे तोवर बोलत नव्हते. तुम्हाला सांगते, मी शाळेची पायरी चढले नाही. वाण्याच्या पुड्यांचे कागद वाचून शिकले. साखर डब्यात ओतायची, कागद मांडीवर ताणायचा आणि एकेक अक्षर लावायचं. त्यामुळं बातमी जिथं फाटली तिथं माझ्यापुरती संपली. तीस वर्षांत मी शंभर चोऱ्या वाचल्या असतील, पण चोर सापडला की नाही हे मला एकदाही कळलं नाही. आणि हे बिवलकर मास्तर ओट्यावर बसून, पाण्याचा तांब्या खाली ठेवून सहज म्हणतात, “दोन कपाटं भरून पुस्तकं आहेत, तीही इथंच आणीन म्हणतो.” दोन कपाटं. अख्खी पुस्तकं, शेवटासकट, माझ्या कुंपणापलीकडं. माझं काय झालं असेल? तिथंच मी विकली गेले, जागा नंतर.

तेवढ्यात कोंडिबाची पिठाची गिरणी सुरू झाली, टुक टुक टुक टुक, आणि माझा दीर हैबतराव, त्याला ऐकू येत नाही म्हणून जगालाच ऐकू येत नाही असं त्याला वाटतं, तो गोठ्यातून ओरडला, “पावनं ज्येवून जानार का तसंच जानार?” आणि पलीकडच्या माळावरून बानूबाईनं मेंढरांना हाळी दिली. मास्तरांनी कानाला हात लावला. “तुळजाबाई, स्थळ रम्य आहे, परंतु गलका फार. मला लेखन करायचं आहे. पुढल्या रविवारी आम्ही दिवसभर बसून पाहू. शांतता आढळली तर पुढचं बोलू.”

शांत जागा पाहिजे होती ना त्यांना. मग मी शांतता करायला निघाले, जशी एखादी सारवण करायला निघते.

कोंडिबाला म्हटलं, रविवारी गिरणी बंद. तो म्हणाला, “का, कोन ग्येलं का?” म्हटलं, कुणाला जायचंच असेल तर सोमवारी जा म्हणावं. हैबतरावाला मुठ्याला लेकीकडं धाडला. जाताना टेकडी ओलांडेपर्यंत ओरडत होता की मला का धाडताय. घरोघर सांगून आले, रविवारी कुणी तोंड उघडायचं नाही. कोंबडे डालग्याखाली. कुत्र्यांना शिळ्या भाकरी टाकून टाकून अशी सुस्त केली की त्यांना शेपूट हलवायचाही कंटाळा. उरली बानूबाई.

आता ही बानूबाई कोण ते ऐका, कारण मला झोंबतं ते इथंच. धनगराची. गावाबाहेर माळावर तिचं पाल. आमच्या रानात खतासाठी मेंढरं बसवायला येते, तेवढी ओळख. चार वर्षांपूर्वी एका शिपायानं तिची शेळी हिसकून नेली, चुकीच्या जागी चरली म्हणून, आणि ही बाई नुसती उभी, डोळ्यांतून पाणी आणि तोंडातून चकार शब्द नाही. मी तिला दंडाला धरून चावडीवर नेली. सगळ्यांदेखत खडसावलं, “बाने, तोंड देवानं कशाला दिलंय? बोल की.” आणि बोलली. अशी बोलली की शेळी त्याच दिवशी परत आली, आणि तेव्हापासून बानूबाईचा आवाज जो मोकळा झाला तो तलावाच्या त्या काठाला पोचायला लागला. मी ज्याला त्याला सांगत फिरायचे, हा आवाज माझा हाय म्हणून. बघा केवढा तोरा.

तर शनिवारी त्याच बानूबाईकडं गेले. म्हटलं, “उद्या दिवस मावळेस्तोवर तोंड उघडायचं न्हाई.”

“मेंढरांस्नी हाळी बी न्हाई?”

“न्हाई.”

“आन् इचू चावला तर?”

“तरी न्हाई. पुण्याची मोठी मान्सं येनारेत.”

“आक्का, तुमचं काय काम आडलं आसंल तर ऱ्हाईन की गप. त्यात काय येवडं.”

एवढ्यावर मी थांबावं की नाही? नाही थांबले. मला खात्री पाहिजे होती. तिच्याच पालातल्या बिरोबापुढचा भंडारा चिमटीत घेतला आणि तिच्या जिभेवर ठेवला. घे आण. तिनं घेतली. पिवळी जीभ आत ओढून घेतली आणि मान हलवली. ती पिवळी जीभ मला अजून दिसते...

रविवार असा शांत की माझेच कान वाजायला लागले. मास्तर झाडाखाली चटईवर बसले, वही काढली, डोळे मिटले. त्यांच्या बाई म्हणाल्या, “अहो, ऐकलंत? काहीच ऐकू येत नाही.” मास्तर म्हणाले, “तेच ऐकतोय.” मी चुलीपुढं फुगून पुरी झाले.

जेवणं झाली, मी भांडी आवरत होते, आणि हे दोघं उठून पाण्याकडं निघाले. वैशाखात आमच्या तलावाचं पाणी हटतं, लांबवर उघडं रान पडतं, आणि जिथून पाणी नुकतंच हटलं तिथं वरून वाळली पापडी आणि आत कंबरभर गाळ असतो. गावातलं शेंबडं पोरसुद्धा गुरांची पावलं बघून पाय टाकतं. मास्तरांना हे कोण सांगणार? मी सांगायला हवं होतं. मला त्यांना शांतता दाखवायची होती, गाळ कशाला दाखवेन?

माळावरून बानूबाईनं पाहिलं. तिनं हात हलवले. मास्तरांनीही हलवले. ती घाबरून हात जोडून विनवायला लागली, ह्यांनी थांबून परत नमस्कार केला. बाई म्हणाल्या म्हणे, “किती मर्यादशील माणसं आहेत, लांबूनसुद्धा हाक मारत नाहीत.” हे सगळं मागाहून कळलं. आणि पुढल्या पावलाला मास्तर गुडघ्यापर्यंत आत, मग मांडीपर्यंत, मग कमरेपर्यंत. बाई ओरडायला लागल्या, “अहो, अहो”, आणि गावानं ते ऐकलं, सगळ्या गावानं ऐकलं, पण तुळजाबाईनं गप्प बसायला सांगितलंय म्हणून कुणी दारातून हललं नाही. मीही ऐकलं. मला वाटलं, नवराबायकोचं काही लाडाचं चाललंय. मी हसले, तुम्हाला सांगते.

मग बानूबाई दारात. धापा टाकतेय, हातवारे करतेय. मी खेकसले, “खुणा काय करतीस, तोंड देवानं कशाला दिलंय?” तिनं फक्त जीभ बाहेर काढून दाखवली.

मी लुगड्याचा पदर ओला करून तिची जीभ पुसली. त्यावर भंडारा कुठला असायला, पण पुसली. “सुटली तुजी आण, बोल बाई.” तेव्हा ती बोलली, “मास्तर गाळात.”

पळालो. तिनं आपलं घोंगडं पापडीवर पसरलं, त्यावर पोटावर आडवी झाली, हातातली काठी पुढं केली, मी तिचे पाय धरले, आणि मास्तर निघाले. धोतर राहिलं. ते अजून आतच आहे. मेंढरांचा वास मारणाऱ्या घोंगड्यात गुंडाळून त्यांना ओट्यावर बसवलं, तर म्हणतात काय, “तुळजाबाई, शांततेबद्दल शंका उरली नाही. मी कमरेपर्यंत गेलो तरी एक माणूस बोललं नाही.” त्यांना सगळं सांगायला माझं तोंड उघडेना. पायाखालची जमीन फाटेल तर बरं वाटत होतं, पण आमच्याकडं जमीन नको तिथंच फाटते.

दिवस मावळताना बानूबाई घोंगडं घ्यायला आली. रागावली असती तर मी भांडले असते, भांडायला मी कुणाला हार जात नाही. पण ती हळूच म्हणाली, “आक्का, तुमीच म्हनला व्हता तोंड देवानं दिलंय. मंग आज काडून का घ्येतलंसा?”

मी घोंगडं झटकून तिच्या हातात दिलं.

मास्तरांनी जागा घेतली, बरं का. त्यांची एकच अट, ती मेंढरंवाली बाई रोज इथूनच जायला पाहिजे, आणि ओरडत. आता दोन वर्षं झाली. कपाटं आली. बानूबाई रोज सकाळी त्यांच्या कुंपणाशी थांबून गाव जागं होईल अशी हाळी देते, “मास्तर, गाळाकडं जाऊ नगा.” मास्तर आतून लेखन सोडून ओ देतात. पुढं कोंडिबाशी तिची ठणठणीत थट्टामस्करी होते. आणि मधे माझं दार लागतं, तिथं ती म्होरक्या मेंढ्याच्या गळ्यातली घंटा मुठीत धरते आणि पाय न वाजवता निघून जाते.

तीनदा तिच्या पालावर गेले, बाने, चुकले म्हणायला. तीनदा लोकरीचा भाव विचारून परत आले. तुमच्यापुढं बघा कशी घडाघडा बोलतेय.

मास्तरांचं एक पुस्तक आणलंय, अख्खं. ओट्यावर उघडून बसते, पण शेवटापर्यंत जाणं काही होत नाही. शांत जागा पाहिजे होती ना त्यांना... साऱ्या मुळशीत तेवढी एकच आहे, माझ्या दारापुढं.