फोटोआधीचा कंगवा

कॉम्प्युटर खोटं बोलत नाई, असं कोणी म्हटलं का मले तुळशीरामभाऊ आठवते.

आलापल्लीकडे एका ठेकेदाराच्या सागवानाच्या डेपोत फायलींवर नजर ठेवणारा प्रोग्राम टाकायले गेलो होतो. मॅनेजरले समजावलं, "साहेब, हा साऱ्या फायलींचा फोटो काढून ठेवते. मंग कोणी एक आकडा बी बदलवला, तर फोटोशी ताडून सांगते." चौकीदार तुळशीरामभाऊ दारात उभा राहून ऐकत होता.

मॅनेजर हसला. "मंग आजचा दिवस थांब ना. फोटोआधी माणूस कंगवा नाई फिरवत का?"

मी दुसऱ्या दिवशी फोटो काढला.

पुढं मोजणीत सागवानाचे लठ्ठे कमी भरले. आळ तुळशीरामभाऊवर आला. तो म्हणे, "दोन ट्रक मॅनेजरसाहेबानंच पाठवले, हा कॉम्प्युटरवाला यायच्या आधी. नोंद बी झाली होती."

फायलीत नोंद नव्हती. मालकानं मले विचारलं, "कोणी खोडली का?"

मी प्रोग्राम चालवून पाह्यला. फोटोपासून काहीच बदललं नव्हतं. तेच सांगितलं.

तुळशीरामभाऊची नोकरी गेली. निघताना तो हळूच म्हणाला, "भाऊ, त्या फोटोच्या आदल्या दिवसाचा फोटो नाई का तुमच्यापाशी?"