काकूचं शेवटचं लुगडं

नातं रक्ताचंच असतं असं कुणी म्हटलं, की मला आमची मुरुडची काकू आठवते. चाकूरला बापाच्या जमिनीतला आपला हिस्सा तिनं भावांना लिहून दिला होता. का, तर म्हणे, "माहेर तुटाय नको बाबा."

काकू गेली त्या दिवशी सगळी तयारी करून आम्ही थांबलो होतो. आमच्यात सवाष्ण बाईला शेवटचं लुगडं माहेरचं नेसवतात. दुपार कलली तरी भाऊ येईनात. मी फोन लावला, तर थोरला म्हणतो, "सोयाबीनची रास चालू हाय. तुम्ही उरकून घ्या, आम्ही दहाव्याला येतो."

हे ऐकून बांगड्यांचं दुकान असलेले रहीमचाचा उठून गेले आणि हिरवं लुगडं घेऊन आले. कुणीतरी पुटपुटलं, "चाचा, माहेरचंच लागतं."

"मग मी कुठला हाय? चाकूरचाच की," चाचा म्हणाले. "लई वर्षं भाऊ म्हणली मला."

दहाव्याला भाऊ आले, लुगडं घेऊन. काकांनी त्याला हातसुद्धा लावला नाही.

"राहू द्या," म्हणाले. "माहेरचं नेसूनच गेली ती."