शेठजीच्या मासोळ्यांच्या पेटीची काच

हातातले चहाचे कप खाली ठेवा, टोप्या सरळ करा, कारण आंधळगावावर आलेल्या सगळ्यात मोठ्या संकटाची हकीकत मी आता जाहीर करून राहिलो. वादळ नाही, पूर नाही, पटकी नाही. शेठजीच्या मासोळ्यांच्या पेटीले तडा गेला होता. हसू नका जी. त्या तड्यात माहा अख्खा जनम अडकला होता.

आमचं घर विणकराचं. आजा कोशाचं, म्हणजे टसर रेशमाचं, कापड विणायचा, बाबा कोशाचं कापड विणायचे, न मीही तेच विणावं असं सगळ्यायचं ठरलं होतं, फक्त मले विचारायचं राहून गेलं होतं. मागाच्या खड्ड्यात पाय टाकून बसलो का मले झोप यायची, काय सांगू तुम्हाले, धोटा इकून तिकडे गेला का परत यायच्या आधी माही मान खाली. मग मी वरठीले एका काचवाल्यापाशी राहिलो न काच कापणं शिकलो. हिऱ्याच्या कलमेनं रेघ मारायची, खालून एक टिचकी द्यायची, काच बरोबर रेघेवर तुटते. त्या आवाजानं माही झोप जी उडाली ते आजपर्यंत. गावात येऊन बस स्टँडजवळ हे दुकान टाकलं. देवाच्या तसबिरी, लग्नाचे फोटो, खिडक्यायच्या काचा.

बाबाले काही पटलं नाही. म्हणायचे, कापड फाटलं त रफू होते, काच फुटली त काय होते? कचरा होते. अन् एक दिवस सांगूनच टाकलं, अक्षयतृतीयेपर्यंत काय नाचायचं ते नाच, त्यानंतर दुकानाले कुलूप न मुकाट्यानं मागावर. बाबानं एकदा म्हणलं का म्हणलं.

त्याच अक्षयतृतीयेले शेठजीच्या नव्या दुकानाचं उद्घाटन होतं. शेठजी म्हणजे आमच्या गावचे कोशाचे व्यापारी, बाबा त्यायच्यासाठीच विणायचे. ऐंशी सालाच्या आसपासची गोष्ट, गावात टीव्ही आला नव्हता, अन् शेठजीनं नागपूरहून मासोळ्यांची पेटी आणली. माणूस आडवा झोपला असता एवढी लांब, लोखंडी चौकटीची, आत लाल-सोनेरी मासोळ्या. इथं गावोगावी तलाव, मासोळी कोणी पाहिली नाही असं नाही, पण आमच्या मासोळ्या रश्श्यात दिसायच्या, ह्या फिरून राहिल्या होत्या. अख्खं गाव पाहून गेलं. बाबाही पाहून गेले.

दुसऱ्या दिवशी शेठजीचा माणूस धावत आला, म्हणे चाल, पेटी गळून राहिली. जाऊन पाहतो त काय, मासोळ्या शेठानीच्या आंघोळीच्या गंगाळात, अन् शेठानी कंबरेवर हात देऊन उभी, म्हणे, मी आता आंघोळ का तलावावर करू जी? शेठजी म्हणाले, उन्हानं तडकली. बाबा तिथंच कापडाचा गठ्ठा घेऊन उभे, म्हणाले, होय होय, यंदाचं ऊन बेकारच हाय.

मी काच पाहिली. उन्हानं तडकलेली काच कडेपासून तडकते, वाकडीतिकडी. हा तडा मधातून निघाला होता, एका बारीक चांदणीतून, कशाचं तरी टोक लागल्यासारखा. मी हळूच बाबाकडे पाहिलं. ऊन रणरणतं, अन् बाबानं छत्री पाठीमागं लपवून धरलेली. टोकाले लोखंडी खिळा, तोही जरासा वाकलेला. मासोळी खरी का खोटी ते पाहायले टोचलं असंल बुढ्ढ्यानं! मी शेठजीले म्हणलं, होय जी, ऊनच.

तेवढी जाड, तेवढी मोठी काच आणून चौकट खोलून बसवायले टाइम नव्हता. उद्घाटनाले सातच दिवस. म्हणलं, काचेवर काचेचं ठिगळ लावतो, थेंब पडला त माह्या दुकानाले मीच कुलूप लावतो. असा माहा तोरा. नागपूरच्या मासोळीवाल्याकून एक चिकट रबरी लेप मागवला, नळीतून निघणारा, शिरक्यासारखा आंबट वास येणारा. ठिगळ कापलं, लेप लावला, बाहेरून चिकटवलं, जसं खिडकीले लावतो तसं. एक दिवस वाळू दिलं, पाणी भरलं, अन् टप. मग टप टप. पाणी तड्यातून येऊन ठिगळालेच बाहेर ढकलून राहिलं होतं. बाबानं घरी येऊन मागाची धूळ झटकली, बस.

मी जेवलो नाही. माय दर पावसाळ्यात धानाच्या रोवण्याले जायची, तिनं सगळं विचारलं, न मले म्हणे, काहून रे, धानाचं पाणी अडवणाऱ्या बांधीच्या धुऱ्याले भोक पडलं त माती कोणीकून लावतेत? मी म्हणलं, पाण्याकून. काहून? म्हणलं, पाणीच माती दाबून धरते म्हणून. माय म्हणे, मग तुह्या पेटीत काय दूध भरलं हाय का?

तसाच उठलो जी! बाहेरचं ठिगळ पात्यानं खरडून काढलं, काच स्पिरिटनं पुसली, नवं ठिगळ तड्यापेक्षा चार बोटं मोठं कापलं, कडा दगडावर घासल्या, न या वेळी पेटीत डोकं घालून आतून बसवलं, लेपात हवेचा एक बुडबुडा राहू दिला नाही. दोन दिवस कोणाले हात लावू दिला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी पाणी भरायले लागलो, घागरीवाणी एक एक पितळी गुंड ओतत, थांबून थांबून. तेवढ्यात बाबा आले. खांद्यावरचं कोऱ्या कोशाचं कापड पेटीखाली हातरलं. म्हणाले, याच्यावर थेंब लपत नाही. माहीत नाही जी, मले पकडायले हातरलं का मले सोडवायले. पेटी काठोकाठ भरली. दुपार झाली. कापड कोरडं.

अक्षयतृतीयेले मोहाडी-तुमसरचे पाव्हणे आले. एका पाव्हण्यानं ठिगळ पाहिलं, म्हणाला, वा, हे कोणाचं काम? शेठजी मिशीवरून हात फिरवत म्हणाले, खास नागपूरहून कारागीर बोलावला होता. मी गर्दीत उभा. बाबा माह्या बाजूले, नवी टोपी, हातात तीच छत्री.

थांबा, चहा घ्या आधी, थंडा होऊन राहिला. हे दुकान तेच, पाहा, कुलूप काही लागलं नाही. तसबिरींच्या वर टांगली हाय ना, तीच ती छत्री. बाबा आता थकले, माग भावानं सांभाळला, पण रोज दुपारी या बाकड्यावर येऊन बसतेत, अन् गिऱ्हाइकानं विचारलं का फुटकी काच जुळते का जी, त माह्या आधी तेच उत्तर देतेत. देव त्यायले शंभर वर्षं देवो.

त त्या दिवशी शेठजीनं नागपूरचं नाव काढलं, अन् बाबानं पाव्हण्यायसमोर छत्री वर केली न भर दुकानात वरडले, नागपूरचा कायचा जी, शेठजी! मी फोडली न माह्या पोरानं जोडली!