सही कुणाची?

आमच्या वाघमारे साहेबांचं सांगतो, ऐका. माणूस बिलोलीचा, नोकरी हैदराबादेत, काम लष्कराचे वायरलेस सेट तपासायचं. परवा थंडीच्या पेटीत, उणे तीसला, लावला सेट की बंद! दुसरा बंद, तिसराही बंद. तपासणीला आलेले अधिकारी चिडून म्हणाले, "अख्खा लॉट रिजेक्ट."

"जरा दम धरा," साहेब म्हणाले. "गेल्या साली पास झालेला सेट लाव रे."

मी लावला. तोही बंद!

"मग सेट बेकसूर हाय," म्हणत साहेबांनी सगळे सेट जिला जोडले होते ती पेटीतली टेस्ट केबल काढली. गारठ्यानं तिचा सांधा सुटत होता. आमच्याकडं केबल बनवणारा तिच्यावर सहीची चिठ्ठी लावतो. साहेबांनी ती वाचली. मी डोकावलो, तर सही त्यांचीच! अधिकाऱ्यांना ती दिसली नव्हती. मी हळूच म्हणालो, "साहेब, ही गुपचूप बदलून टाकू का?"

"बदल. पण ही माझ्याकडंच राहू दे."

नव्या केबलवर सगळे सेट धडाधड चालले. साहेबांनी जुनी केबल सहीसकट अधिकाऱ्यांच्या पुढ्यात ठेवली आणि म्हणाले, "लिहा साहेब. सेट पास, वाघमारे फेल."