कांद्यातल्या भिंतीला भोकं असतात

भोकं? हा, ती मीच पाडली, मिस्त्री. उंदीर नाय, घूस नाय, कुण्या चोराचं काम नाय — काल तुम्ही गेल्यावर चुना ओला होता, कुदळीचा दांडा घेतला आणि विटांच्या सांध्यात घातला. काल भिंत छातीपर्यंत आणलीत, काम चोख केलंत, आपलं त्याबद्दल काही म्हणणं नाय. खाजामिस्त्रीची भिंत म्हणजे भिंत, सगळं नाशिक सांगतं. पण बिनभोकाची भिंत शास्त्राला धरून नाय. हसू नका. आणि त्या विटांकडं बघू नका, मी उठणार नाय. मी ह्या विटांवर बसलोय तो बसायला जागा नाय म्हणून बसलो का? बाज हाय की घरात. आधी माझं ऐका, मग पुढचा थर. चुना वाळतोय म्हणता? वाळू द्या, पाणी मारू पुन्हा. पाणी हाय आपल्याकडं — म्हणजे अर्धं हाय, विहीर वाटून झाली ना, पूर्वेची बाजू माझी, पश्चिमेची माझ्या भावाची, मोतीरामाची. पाण्याला अजून कुणी सांगितलेलं दिसत नाय, ते आपलं सगळीकडं फिरतंय.

तर शास्त्र कुठनं आलं ते ऐका. नाशकात ती मोठी शाळा हाय ना, तिथं पूजेची फुलं आपल्या मळ्यातली जातात. नेऊन द्यायचा मोतीराम. आमच्यात पहिल्यापासून तसंच — मातीत हात माझे, बाजारात तोंड त्याचं. पण वाटणी झाली, आता माझी फुलं कोण नेणार? म्हणलं, आपणच जाऊ. गेलो. तिथं शास्त्र शिकवणारे गद्रे मास्तर हायत, माणूस देवासारखा, पण चष्मा कपाळावर आणि शोधतो खिशात. मला म्हणाले, सावळीराम, कांदा आहे का तुझ्याकडे? आता कांदा माझ्या भाकरीच्या फडक्यात होता, न्याहरीचा. मास्तरांना नाय कसं म्हणायचं — दिला. त्यांनी तो चिरला, आतला पापुद्रा सोलला, इतका पातळ की फुंकर मारली तर गेला, काचेवर ठेवला, वर लाल रंगाचा थेंब सोडला आणि एका पितळी नळीखाली सरकवला. म्हणाले, ये, डोळा लाव. लावला. आणि मिस्त्री, काय दिसलं असेल? भिंत. खरं सांगतो, विटांवर विटा, थरावर थर, सांधा कुठं सांध्यावर येत नाय, अगदी तुम्ही रचता तशी. माझ्या न्याहरीत कुणीतरी बांधकाम काढलं होतं आणि मी आजवर ते भाकरीबरोबर चावून खात होतो.

तुम्ही मान हलवता, पण थांबा, ती वीट भरीव नसती. खोली असती ती. चारी बाजूंनी भिंत, आत पाण्यासारखं काहीतरी, आणि त्यात एक टिंब. मास्तर म्हणाले, ह्या खोलीला पेशी म्हणायचं, आणि टिंब म्हणजे तिचा कारभारी. आणि हे कांद्यापुरतं नाय. झेंडू, बैल, माणूस, सगळे खोल्याखोल्यांचे. म्हणलं, मी पण? म्हणाले, तू पण. मी घरी येऊन अंगावर हात फिरवला, कुठं दार लागलं नाय. सरु म्हणाली, काय खाजवताय? आता बायकोला काय सांगणार, की तुझ्या नवऱ्यात एवढी बिऱ्हाडं हायत आणि भाडं एकाचंही येत नाय.

पण खरी गंमत पुढं हाय. ह्या सगळ्या खोल्या सुरुवातीला एकच खोली असतात. एकच. तिच्या दोन होतात, दोनाच्या चार, आणि होता होता कुणी मूळ होतो, कुणी पात होतो, कुणी फुलाचा रंग. आणि टिंबात शहाणपण किती, तर सगळ्या कांद्याचं. प्रत्येकाच्या टिंबात सगळ्याचं. मुळाला पात कशी व्हायची ते ठाऊक असतं, पातीला मूळ कसं व्हायचं ते. मग करत का नाय? तर मुळानं मुळापुरतं गाठोडं उघडायचं, बाकीचं बांधून ठेवायचं, तेव्हा कुठं कांदा उभा राहतो. हे मास्तरांनी सांगितलं आणि मला एकदम मोतीराम दिसला. एका बापाचे आम्ही, एकच माती दोघांच्या डोक्यात, पण त्यानं निंदणी-खुरपणीचं गाठोडं कधी उघडलंच नाय, आणि मी बोलण्याचं. आता तुम्ही म्हणाल, सावळीराम, तू तर सकाळपासून बोलतोयस. हे बोलणं वेगळं. हे बाजारातलं नाय.

बाजारातलं सांगू? वाटणीनंतर पाटी घेऊन मी बसलो मंडईत. एक बाई आली, म्हणाली, शेर कसा? मी सांगितलं — शेणखत किती घातलं, कीड कशी काढली, पाणी कुठल्या वेळी दिलं. ती म्हणाली, भाव सांगा. सांगितला. म्हणाली, कमी करा. म्हणलं, बरं. म्हणाली, अजून कमी करा. म्हणलं, बरं. तर ती घाबरली. ह्या फुलांना काहीतरी झालंय म्हणाली आणि पलीकडून घेऊन गेली. सगळी पाटी मी संध्याकाळी गंगेत सोडली. आणि तिकडं मोतीराम — त्यानं शेवंतीला एवढं पाणी दिलं, एवढं पाणी दिलं, की वाफ्यात बेडूक राहायला आले. मला इथनं दिसायचं. मुळं कुजताना दिसायची आणि तोंडावर सांगायची सोय नाय. हाक मारली तर वाकलो असं होतं ना. म्हणून मग — भिंत.

नाय, भिंत मला नको होती. त्याला पाहिजे होती का? त्यालाही नसावी. मी रागात म्हणलं, मला हे बघवत नाय, घाल भिंत. तो म्हणाला, घाल. मी म्हणलं, घालतो. तो म्हणाला, घालच. मग कुणी माघार घ्यायची? कुणीच घेतली नाय, आणि तुम्ही आलात थापी घेऊन. आणि भांडण कशावरनं? सांगायला लाज वाटती. गणपतीत कुणीतरी म्हणालं, यंदा मोतीरामाचा झेंडू फक्कड हाय. मोतीरामाचा. माझं टाळकं फिरलं. लावला कुणी, जपला कुणी, आणि झेंडू मोतीरामाचा? आता विचार केला तर वाटतं, फुलाला कुणी मुळाचं नाव देतं का? लोकांना वर जे डोलतं ते दिसतं. पण हे शहाणपण वाटणीच्या आधी यायला पाहिजे होतं, ते आलं कांदा चिरल्यावर.

हा, आता भोकांचं. विसरलो नाय. मास्तरांनी पेल्यांवर कांदे ठेवले होते, बूड पाण्यात, खाली पांढरी मुळं फुटलेली. त्या मुळाचं अगदी टोक कापून नळीखाली घातलं आणि म्हणाले, आता वाटणी बघ. मिस्त्री, कांद्यात वाटणी चालली होती. आणि कशी रीतीनं. आधी त्या टिंबाचे धागे होतात. मग एकेका धाग्याचे दोन, उभे चिरून, जसाच्या तसा. कुणाला कमी नाय, कुणाला जास्त नाय. मग ते दोन अंगांना सरकतात, निम्मे इकडं, निम्मे तिकडं, आणि सगळं दुप्पट होऊन जागच्या जागी गेलं, की मग शेवटी, सगळ्यात शेवटी, मधोमध भिंत. आमच्या पंचांनी काय केलं? काहीच दुप्पट नाय आणि आधी वाटप. बैलजोडी होती, हरण्या आणि चांद्या — एक बैल मला, एक त्याला. एका बैलानं मोट चालती का? मोट कुणाचीच चालत नाय, दोघं बैल दोन दावणींना उभे राहून एकमेकांकडं तोंड करून हंबरतात. मी पंचांना सांगितलं, हे रीतीनं नाय, आधी दोन विहिरी पाहिजेत, दोन जोड्या पाहिजेत, आणि दोन मोतीराम पाहिजेत. एक मोतीराम माझ्याकडं, एक त्याच्याकडं. ते म्हणाले, सावळीराम, ऊन लागलंय तुला, घरी जा.

आणि भिंत झाली तरी कांद्यातली भिंत आंधळी नसती. मास्तरांनी पुस्तकातलं चित्र दाखवलं — तिला बारीक भोकं असतात, त्यातनं धागे आरपार गेलेले. ह्या खोलीतला रस त्या खोलीत, त्या खोलीची खबर ह्या खोलीत. शेजारी म्हणून भिंत हाय, पण शेजारी मेला तर कळायला पाहिजे ना? म्हणून म्हणतो, थरागणिक एक भोक सोडा. जास्त नको, मिठाची चिमूट जाईल एवढं. बायकांना तर तेही नको, सरु आणि मोतीरामाची भागुबाई भिंतीवरनं विस्तव देतात, विरजण देतात, त्यांच्यात काही बंद झालं असं त्यांना कुणी कळवलंच नाय. अडलंय ते आम्हा दोघांचं.

सरुला मी हे सगळं सांगितलं तर ती काय म्हणाली? म्हणाली, जगात एकट्यानं सगळं करणारे नसतात का? असतात. तेही बघितलं मी. डबक्याच्या पाण्याचा थेंब होता, त्यात एक जीव, सगळा मिळून एकच खोली. स्वतः सरकतो, स्वतः खातो, स्वतःचे स्वतः दोन होतो, भाऊ नाय, भावकी नाय. सरु म्हणाली, बघा, करतो ना तो? म्हणलं, करतो, पण मावतो कशात? टाचणीच्या टोकावर. ज्याला सगळं एकट्यानं करायचंय त्यानं तेवढंच राहायचं. मला नाय राहायचं तेवढं. मला करमत नाय, मिस्त्री. सकाळी उठून तो मळ्यात येऊन मला शिव्या घालायचा, अजून पाट्या भरल्या नाय का म्हणून — त्या शिव्यांवाचून दिवस उगवत नाय. आज झेंडू उभा हाय शेतात, उद्या बाजार, परवा दसरा. हा बाजार गेला तर वर्ष गेलं, माझंही आणि त्याचंही, आणि मला तो विकता येत नाय. एवढंच हाय सगळं.

काय म्हणता, सांग की मग त्याला? सांगत होतो. आमच्यात रीत हाय, बोलणं बंद झालं की जनावराशी बोलायचं. मी हरण्याला म्हणायचो, हरण्या, शेवंतीचं पाणी तोड म्हणावं. तिकडनं तो चांद्याला म्हणायचा, चांद्या, मंडईत भाव पडू द्यायचा नसतो म्हणावं. आणि हेही शास्त्रात हाय बरं का. अंगात एका जागी रस सुटतो, रक्तात मिसळून सगळ्या अंगभर फिरतो, पायापासून डोक्यापर्यंत, पण ज्याच्या दाराला ती किल्ली बसती तोच ऐकतो, बाकीचे आपलं काम करत राहतात. हरण्याला काय कळत होतं? रवंथ करायचा. पण पल्याड पाणी तुटायचं. काल भिंत वर आली आणि तो बैलाशीही बोलेनासा झाला. काल दिवसभर मी हरण्याशी बोललो. घसा बसला. तिकडनं आवाज नाय.

हळू बोलू? का? तुम्ही एवढ्या जवळ बसलाय म्हणून? हळू बोललो तर पल्याड कसं जाईल — म्हणजे, वाऱ्यानं गेलं तर गेलं, असं म्हणायचं होतं मला. असं बघू नका. तुम्हाला मी हरण्याच्या जागी धरलं असं नाय. तुम्ही शहाणे, मान तरी हलवता. आणि कालच्या भोकांतनं आवाज चांगला जातो, मी सरुला तिकडं उभी करून बघितलंय —

थांबा. थापी वाजवू नका. ऐकलं का? तुमचं वाळूचं गाढव पल्याडच बांधलंय ना? त्याच्याशी कोण बोलतंय? चांद्या चरायला गेलाय आज. गप बसा जरा… म्हणतोय, गाढवा, झेंडू तोडला का रे? म्हणतोय, तोडला नसला तर देठ ठेवून तोडू नको म्हणावं, माळेत बसत नाय. पहाटे पाट्या भरून बांधावर ठेव म्हणावं, मी नेतो. आणि म्हणतोय — ऐका, ऐका — कुणी कमी करा म्हणालं की लगेच बरं म्हणणारा माणूस बाजारात नको म्हणावं, घरची अब्रू जाती. हे त्याला कुणी सांगितलं? मंडईत होता हा. बसून बघत होता माझ्याकडं.

चला, उठा. मी उठलो, तुम्हीही उठा. विटा? राहू द्या विटा. चुना वाळला तर वाळला, तुमची मजुरी कुठं पळत नाय. उद्या कशाला येता, उद्या बाजार हाय. परवा या, दसऱ्याचं सोनं घ्यायला. मला झेंडू तोडायचाय, मिस्त्री, जावा आता. आणि गाढव नेऊ नका. गाढव तेवढं राहू द्या आज, मला त्याला उत्तर द्यायचंय.