हिंदुरावांच्या बहिणीची सही

मंडळी, ऐका! कीर्तनाच्या सुरुवातीलाच सोपा प्रश्न विचारतो — माणसाची मतं येतात कुठून? डोक्यातून? की सातबाऱ्यातून? हसू नका, उत्तर द्या! नाही येत? मग ऐका!

कासारखडीचे सरपंच हिंदुराव. वडील वारले, साठ एकर बागायत मागं ठेवून. ग्रामसभेत अठरा बेघर कुटुंबं उभी राहिली — "गायरानात घरापुरती जागा द्या." हिंदुराव उठले, उपरणं सावरलं — "फुकट मिळालं की माणूस बिघडतो! घाम गाळा, मग मागा!" टाळ्या पडल्या! कोणाच्या? बागायतदारांच्या! दुसरं कोण वाजवणार?

आता चूक कुठं झाली बघा. एकुलती बहीण अनुसया माहेरी आलेली. भाऊ कसा गाजतो ते बघू दे, म्हणून हिंदुरावांनी तिला मुद्दाम पुढं बसवलं होतं!

आणि आली कशाला होती? हक्कसोडाला! म्हणजे वडिलांच्या जमिनीतला आपला वाटा भावाला सोडून द्यायला. रीत ठाऊक आहे ना? बहिणीला भारी लुगडं, पुरणपोळीचं जेवण — आणि हात धुतले की सही!

दुसऱ्या दिवशी कचेरीत साहेबांनी विचारलं, "बाई, स्वखुशीनं सोडताय?"

अनुसयेनं पेन खाली ठेवलं. "दादा, तुझं कालचं भाषण मला फार पटलं."

हिंदुराव खुलले! "मग कर की सही."

"म्हणून तर करत नाही! तुझा वाटा तुला फुकटच मिळालाय. वर माझाही दिला, तर तू पार बिघडशील रे! ओवाळते मी तुला, मला कसं बघवेल?"

हिंदुराव लालबुंद! "अगं, मी या घरात जन्मलो! हक्क आहे माझा!"

"मग मी काय शेजारी जन्मले? आणि ती अठरा घरं? ती कुठल्या गावात जन्मली, दादा?"

हिंदुरावांना लाज वाटली हो, मनापासून वाटली. बहिणीवर जीव होता त्यांचा! पण लाजेहून मोठी धास्ती — तीस एकर चालली! माणूस वाईट नव्हता, मंडळी. जमीन बोलायची, आणि ह्यांना वाटायचं आपणच बोलतोय!

अनुसयेनं लुगडं परत दिलं. वाटा ठेवला.

हसलात ना हिंदुरावांना? छान! आता ज्यांच्या घरी बहिणीच्या सहीचा कागद आहे, त्यांनी हात वर करा.

का हो? — एकही नाही?

देवाचं नाव घ्यायचंच आहे. त्याआधी जरा बायकांच्या बाजूला बघा. त्या माझ्याकडं बघत नाहीयेत, तुमच्याकडं बघतायत!